एक लेबल उरलं

जावकबाईंना ऑफिसात कुणी नावानं हाक मारत नसे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची नोंद त्यांच्या जावक रजिस्टरात व्हायची, म्हणून त्या जावकबाई. एकवीस वर्षं त्यांनी तपासणी केंद्राची पाकिटं पाठवली होती, आणि पत्त्याच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. नाव वर, पिनकोड शेवटी, तिकिटाचा कोपरा मोकळा, आणि लेबल वाकडं लागलं तर काढून पुन्हा. टायपिस्ट म्हणायची, "बाई, पोस्टमन काय मोजपट्टी घेऊन बसणार आहे?"

त्या दिवशी सहाशे बायकांच्या तपासणीचे निकाल जायचे होते. टायपिस्टने यादीच्या क्रमाने पत्रं आणि लेबलं छापली. दोघींनी पत्रं पाकिटांत घालून पाकिटं बंद केली, त्याच क्रमाने लेबलं लावली, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधले. सव्वातीनला काम संपलं, आणि बाईंच्या हातातल्या कागदावर एक लेबल उरलं.

"जास्तीचं छापलं असेल," साहेब म्हणाले. "चारला टपालाची गाडी येतेय. गठ्ठे खाली न्या."

"जास्तीचं नाही साहेब. यादीतलं शेवटचं नाव आहे हे, आणि हिचं पाकीटच नाही."

बाईंच्या लगेच लक्षात आलं. कुठेतरी दोन पत्रं एकमेकांना चिकटून एकाच पाकिटात गेली होती. तिथून पुढच्या प्रत्येक पाकिटावर यादीतल्या आधीच्या बाईचा पत्ता होता. म्हणजे एकीच्या छातीतल्या गाठीची बातमी दुसरीच्या घरी, आणि तिथे पाकीट कोण फोडेल कुणास ठाऊक.

"मग काय, सहाशे पाकिटं फोडणार?"

"पाच-सहा फोडीन. गाडी कशी थांबवायची ते तुम्ही बघा."

साहेबांना आपण असं तोंडावर बोललो, याचं बाईंना स्वतःलाच नवल वाटलं.

त्यांनी मधला गठ्ठा घेतला, बारावा. वरचं पाकीट फोडलं. फक्त नाव बघायचं, बाकी नजर टाकायची नाही. नाव लेबलाशी जुळलं. म्हणजे चूक पुढे होती. मग अठराव्यातलं फोडलं.

लेबलावर कुणी अनोळखी बाई होती. आत जावकबाईंच्या स्वतःच्या धाकट्या जावेचं नाव होतं. पत्ता घरचा नव्हता, ती शिवणकामाला जाते त्या दुकानाचा होता. आणि कागद पिवळा होता. सगळं ठीक असलं की केंद्र पांढरा कागद पाठवी, ताबडतोब पुन्हा या म्हणायला पिवळा. वाचायची गरजच नव्हती.

"जुळलं का?" टायपिस्टने विचारलं.

"नाही. चूक मागेच आहे. पंधरावा दे."

पंधरावाही चुकला. तेरावा जुळला, चौदावा जुळला. मग चौदाव्यातली पाकिटं त्यांनी एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिली. एक जाड लागलं. त्यात दोन पत्रं होती.

तिथून पुढच्या सगळ्यांची लेबलं पुन्हा छापली. जुनं कडेनेसुद्धा दिसू नये अशी ती वरून लावायची होती, तीही सरळ. खाली गाडीवाला हॉर्न वाजवून कावला होता आणि साहेब त्याला चहा पाजत होते. फोडलेल्या पाकिटांतल्या पत्रांना नवी पाकिटं लागली. त्यांच्यावर बाईंनी हातानेच पत्ते लिहिले, पण जावेच्या पाकिटाला मात्र लेबल मागून घेतलं. त्यांचं अक्षर तिने लगेच ओळखलं असतं. पर्स शेजारीच होती. पाकीट तिच्यात टाकलं असतं तर आज संध्याकाळीच मिळालं असतं तिला. पण जिने दुकानाचा पत्ता दिला, तिला घरातून पत्र नको होतं. बाईंनी ते गठ्ठ्यात घातलं आणि पोत्याचं तोंड बांधलं.

संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात खाली बसून बटाटे सोलत होती.

"ताई, इथल्या इथे टपालाला किती दिवस लागतात हो?"

"दोन."

"चुकत तर नाही ना कधी?"

"नाही चुकत."

बाईंनी दुसरी सुरी घेतली आणि तिच्या शेजारी बसल्या.

"अहो, एवढं काय खेटून बसलात?" धाकटी हसली. "तिकडे जागा आहे की."

"असू दे," बाई म्हणाल्या.