चौदा नंबरचा तुकडा

फट: कागदाएवढी.

दुपारचे दोन वाजलेत. वर्कशॉपमध्ये मी एकटा आहे आणि डोळे मिटायला लागलेत. समोर बाकावर हातोडी, आकड्यांचे पंच आणि लोखंडाचे दोन तुकडे. माझ्या तुकड्याला खाच आहे, चौगुल्याच्या तुकड्याला जीभ. जीभ खाचेत बसली पाहिजे, मधून उजेड दिसता कामा नये. मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक जोडीला हाच जॉब असतो. झाला की ज्याने त्याने आपल्या हाताने आपला रोल नंबर ठोकायचा. माझ्या तुकड्यावर पंधरा आहे. त्याचा तुकडा कोरा आहे.

चौगुल्याला जाऊन तीन आठवडे झाले. डेंग्यू.

चार वाजता त्याचे आप्पा येणार आहेत, त्याचं सामान न्यायला. कुंभोजकर सरांनी वर्कशॉपची किल्ली माझ्या हातात दिली, पाठीवर हात ठेवला, म्हणाले की चौदा तूच ठोक, तुझा हक्क आहे.

मी बाकावर कपाळ टेकतो. लोखंड गार आहे. गार आहे आणि

कानशीचा आवाज येतो.

"दळव्या, झोपलास व्हय?"

समोरच्या व्हाइसमध्ये तुकडा आवळून चौगुल्या घासतोय. बाह्या कोपरापर्यंत, भुवयांवर खडूची पूड. मी विचारतो, कधी आलास. तो म्हणतो, गेलो कुठं होतो. मग जोड खिडकीकडे धरतो, एक डोळा मिटतो.

"अजून दिसतंय बघ."

फट: नखाएवढी.

घासेल तशी ती वाढतेय. मी त्याला थांबवत नाही. तेव्हाही थांबवलं नव्हतं. त्या शनिवारी तो म्हणाला होता, अंग तापलंय, माझ्या बाजूचं तेवढं घासतोस का. मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. चटका बसला. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, जैनाचं नाजूक पोर, कानस बघून ताप येतोय. सगळे हसले, तोही हसला. फट गेल्याशिवाय सोडणार नाही म्हणालो आणि त्याच्यासमोर घडी घालून उभा राहिलो. हाताची घडी. सात वाजेपर्यंत.

बाक लांब होत जातो. व्हाइसच्या जागी स्टीलचं ताट आहे, वर दुसरं पालथं झाकलेलं. मेस. सुभद्राकाकू पदराला हात पुसत उभ्या आहेत. चौगुल्या दिवस मावळायच्या आत जेवायचा, म्हणून काकू रोज पावणेसहाला त्याचं ताट वेगळं काढायच्या. त्या शनिवारीही काढलं होतं.

"दिवस बुडाला की रं पोरा," काकू म्हणतात. "आता कसं वाढू तुला?"

"ऱ्हाऊ दे काकू. भूक न्हाई."

तो ताट उघडतो. ताटात लोखंडाचा कीस आहे, वाफाळता.

फट: बोटाएवढी.

मेसची भिंत हिरवी होते, हिरवी भिंत म्हणजे हॉस्पिटल. आमचं विद्यापीठ माळावरचं, इवलंसं. कुणाला शिंक आली तर ऑफिसातही कळतं. सगळे कॉरिडॉरमध्ये उभे आहेत: लायब्ररीच्या मॅडम डबा घेऊन, कुंभोजकर सर चहा घेऊन, कुलगुरू स्वतः खुर्ची ओढत. सगळे मला विचारतात, जेवलास का. झोप लागते का. घरी जाऊन येतोस का. मी प्रत्येकाकडे तोंड करतो आणि

कुणी तेवढं एक विचारत नाही.

चौगुल्या कॉटवर बसून कॉटचीच पट्टी घासतोय.

"मार्क किती दिले?"

"दहापैकी दहा."

"जोड न बसता?"

"सरांनी बघितलाच नाही. माझा हात धरला आणि दिले."

"चांगली हायत माणसं," तो म्हणतो. कानस थांबते. "ताप हाय ते तुला कळलं हुतं ना?"

"हात लावला होता."

"मग?"

मी म्हणतो की फट दिसत होती. दुसरं काही माझ्याकडे नाही. तो मान हलवतो, एखादं माप बरोबर आल्यासारखी. रागावत नाही. रागावला असता तर मी धरून राहिलो असतो त्या रागाला.

"आप्पांना काय सांगू?"

"बत्तीस वर्सं साखर कारखान्यात फिटर हायत ते. सांगायला लागतंय व्हय? अंगठा फिरवला की कळतंय त्यास्नी."

पुन्हा वर्कशॉप. तो आपला कोरा तुकडा माझ्यासमोर ठेवतो, हातोडी माझ्या मुठीत देतो, पंच स्वतः धरतो. त्याची बोटं अजून गरम आहेत.

"हाण."

मी हाणतो. एक. तो आकडा आम्हा दोघांचाही सारखाच आहे. मग तो दुसरा पंच उचलतो. मी म्हणतो, चार घे, चौगुल्या, तुझा चार आहे. तो म्हणतो, "ज्याच्यामुळं झालं त्याचा नंबर."

"अभिनंदन," मी म्हणतो. या नावाने मी त्याला कधी हाक मारली नव्हती. "चार घे ना."

"हाण की. उजेड चाललाय."

आवाजाने मी जागा होतो.

कपाळावर बाकाच्या कडेचा वळ आहे. हातोडी मुठीत. चौगुल्याच्या तुकड्यावर दोन आकडे आहेत, ताजे, त्यांच्या कडा वर आलेल्या, चकाकणाऱ्या. मी अंगठा फिरवतो. एक. पाच. ठोकलेला आकडा घासून काढायचा तर जीभच पातळ होते, आणि काढलेलं लोखंड परत लावता येत नाही.

बाहेर पावलं वाजतात. कुंभोजकर सर कुणाला तरी सांगतायत, हाच तो मुलगा, तुमच्या अभिनंदनला त्या दिवशी शेवटपर्यंत सोडलं नाही त्याने.

फट: दाराएवढी.

आप्पा आत येतात. टोपी काढतात. हात पुढे करतात, तुकड्यासाठी.

मी तो पालथा घालत नाही.