बाजाराच्या दिवशीची गिरणी

मीठ, औषध, दळण, सगळ्यासाठी सातपुड्यातली माणसं आमच्या यावलला उतरायची, आणि नेमकी बाजाराच्या दिवशीच ती मेली वीज जायची. त्या दिवशीही आमच्या पिठाच्या गिरणीपुढे ज्वारीची गाठोडी रांगेत ठेवून सगळे बाजार करून आले, तरी पट्टा हलला नव्हता. "नाना, लाइट कधी येईल?" एक म्हातारी वडिलांना विचारत राहिली. शेवटी ज्वारी तशीच उचलून सगळे समोरच्या स्टँडवर शेवटच्या गाडीत जाऊन बसले.

तेवढ्यात दिवा लागला. मी बटणाकडे धावलो, तर वडिलांनी हात धरला. "थांब. गिरणीचा आवाज ऐकून उतरले, तर रात्री जातील कुठे?"

गाडी डोंगराकडे वळेपर्यंत आम्ही पेटल्या दिव्याखाली गिरणी बंद ठेवून उभे होतो.