शिष्ट म्हणायचे मला

गेल्या आठवड्यात आमच्या दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईने विचारलं, "मुलाच्या शाळेतून डोळे तपासणीची नोटीस आलीय. फुकटातली आहे. आमच्या चिरंजीवांना इतक्या उंचावरच्या विमानाची शेपटी दिसते. नाही पाठवलं तर चालेल का?" खाली लगेच तीन-चार जणींचे अंगठे. चालेल, चालेल, उगाच पोरांचा वेळ घालवतात.

मी त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही. त्या दिवशी मात्र इतकं लिहिलं, इतकं लिहिलं, की आतल्या खोलीतून आई म्हणाली, "कोणाशी भांडतेयस गं? टकटक थांबत नाहीये तुझी." भांडत नव्हते. पण डोकं फिरलं होतं हे खरं. नाही पाठवलं तर चालेल का म्हणे! शाळेत माझे डोळे तपासले नसते तर माझं बालपण सांगलीला आत्याकडे गेलं असतं, आणि आतल्या खोलीतली ही बाई माझी आई आहे हे मला फक्त कागदोपत्री माहीत असतं.

मी तेव्हा पाचवीत होते. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, वरच्या मजल्यावर. बाबा एका मंत्रालयात होते. आई घर सांभाळायची, आणि घराला लष्करी छावणीसारखं सांभाळायची. जेवताना बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही, चप्पल जिथल्या तिथे. आणि मी? मी शिष्ट होते. हे माझं मत नाही, सगळ्या दिल्लीतल्या मराठी माणसांचं होतं.

रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग असायचा. हॉलच्या दारातून एखादी काकू हात करायची, हसायची, आणि मी तिच्याकडे सरळ बघून मान वळवायचे. झालं! "काय गं, ओळख विसरलीस का? दिल्लीचं पाणी लागलं वाटतं!" फळ्यावरचं वाच म्हटलं की मी म्हणायचे, "मला नाही येत." मग बाया आईकडे बघायच्या, आणि आईचा चेहरा पडायचा. भाजीवाल्याच्या गाडीपाशी बाबांचे ऑफिसातले काका भेटायचे, तिथेही तेच. "एवढीशी पोर, पण नाकाचा शेंडा बघा कुठे आहे!"

मला खरंच कळायचं नाही की मी काय केलं. कुणी हसलंय, कुणी हात केलाय, हे मला ठाऊकच नसायचं. चार पावलांपलीकडचं माणूस म्हणजे माझ्या लेखी कपड्यांचा रंग आणि वर एक फिकट गोळा. पण मला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं. का नाही वाटणार? दिवाळी झाली की दिल्लीत जो तो हेच बोलतो. बाबा ऑफिसातून आले की म्हणायचे, "आज तर समोरची बस दिसत नव्हती." बसवाले भैया म्हणायचे, "कुछ दिखता ही नहीं जी." टीव्हीवर तेच, शेजारच्या आंटी तेच. थंडीत धुकं, म्हणजे इथली 'धुंध', मग धूर, उन्हाळ्यात धूळ. मी म्हटलं, बरोबर आहे, दिल्ली अशीच असते. तक्रार कसली करायची, सगळेच तर करत होते.

त्यातून माझे मार्क चांगले. उंच म्हणून मागच्या बाकावर बसायचे आणि शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. घरी पुस्तकात नाक खुपसून वाचायचे, तर आई बाबांना कौतुकाने सांगायची, "बघा, कशी एकाग्रता आहे!" डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्या दिवाळीला बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, सांगलीहून आली. आम्ही तिला घ्यायला निजामुद्दीन स्टेशनवर गेलो. आत्या गाडीतून उतरली आणि म्हणे दोन्ही हात पसरून माझ्याकडे बघत राहिली. मी मख्खासारखी उभी. आत्याने ते मनाला लावून घेतलं. चार दिवस माझ्याकडे बारकाईने पाहिलं आणि शेवटी स्वयंपाकघरात विषय काढला. "हिला माझ्याकडे द्या. मार्चची परीक्षा झाली की पाठवा. आमच्यात राहील, चार माणसांत वावरेल. इथे पोर हातची जाईल तुमच्या."

मी दाराआड उभी होते आणि मला खात्री होती की आई नाही म्हणेल. आई पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "न्या वन्सं. तिला नाहीतरी आपली माणसं नकोशीच झालीत."

आत्या वाईट नव्हती, सांगलीही वाईट नव्हती. पण माझ्या आईला मी नको होते, आणि का, ते विचारायची माझ्यात हिंमत नव्हती. त्यानंतर मी आणखीच मुकी झाले. म्हणजे आणखीच शिष्ट.

नोव्हेंबरात शाळेत डोळे तपासायला माणसं आली. आमच्या शाळेत हे पहिल्यांदाच होत होतं. सरकारचा नियम आला होता, शाळेतल्या मुलांची तपासणी करायची, मोफत करायची, आणि कुणालाही वगळायचं नाही. एका वर्गातले बाक हलवून भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता. माझा नंबर आला तेव्हा आमच्या मॅडम घाईत होत्या. त्या म्हणाल्या, "इसको रहने दीजिए, ये तो मेरी टॉपर है. इसकी नज़र को क्या होना है!" मी आनंदाने वळलेसुद्धा. तपासणारी तरुण मुलगी डोकं वर न करता म्हणाली, "मैम, हर बच्चे का करना है. ऑर्डर है." आणि मला खुर्चीवर बसवलं.

एक डोळा झाकून मी सगळ्यांत वरचं मोठं अक्षर वाचलं आणि थांबले.

"और नीचे?"

"नहीं दिख रहा, दीदी."

"क्यों?"

मला प्रश्नच विचित्र वाटला. मी म्हटलं, "धुंध है ना."

तिने खिडक्यांकडे पाहिलं. सगळ्या बंद होत्या, वर ट्यूबलाइट जळत होत्या. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "बेटा, कमरे के अंदर कौन सी धुंध?"

मग तिने माझ्या नाकावर एक जड गोल चौकट बसवली आणि तिच्यात एकेक काच घालत गेली. तक्त्यावरची अक्षरं काळी झाली, कडा आल्या, ओळी सुटल्या. मी मान वळवून मागे पाहिलं तर मॅडम माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांच्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं. वर्षभर रोज हसत असतील बिचाऱ्या, आणि मी त्यांना रागीट समजत होते.

शाळेने दिलेली चिठ्ठी बाबांनी दोनदा वाचली. दोन्ही डोळ्यांना उणे तीनच्या आसपास नंबर. आधी ते खुर्चीत बसले, मग हसायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "अगं, आपण हिला शिष्ट शिष्ट म्हणतोय, आणि ही पोर इतके दिवस आंधळी कोशिंबीर खेळतेय!" बाबांचं सगळं आयुष्य सरकारी परिपत्रकं लिहिण्यात गेलं. मसुदा, दुरुस्ती, पुन्हा मसुदा, आणि शेवटी खाली कोण वाचतं कुणास ठाऊक, ही त्यांची कायमची कुरकूर. त्या दिवशी म्हणाले, "कुठल्या तरी टेबलावर आमच्यासारखाच कुणीतरी बसला असेल. 'प्रत्येक मुलाची' असं लिहून चहा प्यायला गेला असेल. त्याला काय माहीत, त्याने काय केलं ते!"

मलाही त्या माणसाचं नाव माहीत नाही, त्या तपासणाऱ्या मुलीचंही नाही. ती दिसायला कशी होती तेही आठवत नाही, कारण तिला नीट पाहण्याआधीच तिने ती चौकट काढून पुढच्या मुलाला लावली होती. पण आजही सकाळी चाचपडत चष्मा शोधते आणि डोळ्यांवर चढवते, तेव्हा मनातल्या मनात त्या दोघांना नमस्कार घालते. मी टॉपर होते, माझे आईवडील शिकलेले होते, घरात कशाची ददात नव्हती. नियम नसता तर मला कुणीही तपासलं नसतं.

बाबांनी मार्केटमधल्या दुकानातून तपकिरी फ्रेमचा चष्मा करून आणला. आम्ही घरी येताना मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत आले. "पुरे बाई, कान किटले," असं म्हणत बाबा स्वतःच पुढची पाटी दाखवायचे. आईने मात्र चष्मा सरळ बसलाय का एवढं पाहिलं आणि ताटं वाढली. मी समजले, सांगली ठरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी बागेपलीकडच्या कोपऱ्यावर स्कूलबसची वाट बघत उभी होते. आई रोज बस येईपर्यंत गॅलरीत उभी असायची, म्हणजे गॅलरीत एक रंगाचा ठिपका असायचा. सवयीने मी वर पाहिलं. आज ठिपक्याला तोंड होतं. आणि त्या तोंडातून जीभ बाहेर आलेली होती.

मी चष्मा सारखा केला. माझी आई, जेवताना हसू न देणारी माझी आई, दोन्ही कान धरून, डोळे तिरळे करून, जीभ काढून वाकुल्या दाखवत होती! मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी लहान मूल उभं आहे का. कुणी नव्हतं. ते सगळं माझ्यासाठी होतं.

मला असं हसू फुटलं की दप्तर खांद्यावरून घसरलं. मग मीही कानांत अंगठे घातले, बोटं नाचवली आणि होती नव्हती तेवढी जीभ बाहेर काढली. वर आई तशीच थिजली. मग तिने ओढणी तोंडाला लावली आणि कठड्याला धरून खाली बसली. तेवढ्यात बस आली.

दुपारी घरी आल्याआल्या मी विचारलं, "आई, तू रोज करतेस असं?"

"तिसरीत तुझी स्कूलबस सुरू झाली तेव्हापासून. जाताना रडायचीस ना." ती माझ्याकडे बघत नव्हती. "घरात हसवलं असतं तर डोक्यावर बसली असतीस. म्हणून म्हटलं, लांबून. आणि तू आपली बघायचीस आणि तोंड फिरवायचीस. मला वाटलं, मैत्रिणींसमोर लाज वाटते तुला माझी. वाटलं, ज्या पोरीला आई नको, तिला धरून काय ठेवायचं." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मग मीही. दोघी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भोकाड पसरून रडलो. माझा नवा चष्मा वाफेने आणि पाण्याने पार धुरकट झाला, तो तिनेच ओढणीने पुसला.

आईने चहासुद्धा टाकला नाही, आधी सांगलीला फोन लावला. आत्याचा आवाज मोठा, मला लांबून ऐकू येत होता. "चष्मा लागला म्हणून काय झालं? इथेही चष्म्याची दुकानं आहेत!"

"असतील हो वन्सं," आई म्हणाली. "पण ती कुठेही जायची नाही. इतकी वर्षं मी त्या पोरीला वाकुल्या दाखवतेय. आज पहिल्यांदा तिने मला उलटून दाखवली."