चौतीसचा टेप छत्तीसवर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अवरेकाळू सोलणं. बेंगळुरात थंडी पडली की हे पावट्याचे दाणे घरोघरी येतात. भिजवायचे आणि चिमटीत दाबून साल काढायची. समोर टीव्ही, मध्ये परात. शकूनं एक दाणा असा दाबला की थेट माझ्या चष्म्यावर!

"अहो, तोंड मध्ये कशाला आणता?" वर मलाच बोलली.

"नेम धरून मारलास," मी म्हटलं.

हसता हसता तिला खोकला लागला... तो थांबेचना. संध्याकाळी ताप. न्यूमोनिया झालाय म्हणाले डॉक्टर. पाचव्या दिवशी बायको गेली माझी.

हे मी सांगतोय आणि माझी मुलगी मंगल मोबाईलवर टाईप करतेय. मी चौथी पास. चामराजपेटेत पन्नास वर्षं लेडीज टेलर. भूत, आत्मा, अंगात येणं — असलं कुणी दुकानात काढलं की मी शिलाई मशीन जोरात चालवायचो. शकू देवळात जायची तेव्हा मी बाहेर चपला राखायचो, एवढाच माझा देवधर्म. तरीही हे घडलं.

आधी गाठीचं सांगतो. जायच्या दोन वर्षं आधी शकूच्या डाव्या फुप्फुसात गाठ निघाली. लिम्फोमा. विड्या मी ओढल्या, गाठ तिला. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं — आम्ही त्याला करंट देणं म्हणतो. आठवड्याचे पाच दिवस जायचं. दुखत नाही काही. छातीवर पेनानं फुल्या काढतात आणि त्या खुणांवर माणसाला नीट निजवतात. मग सगळे बाहेर जातात, आणि मायकमधून आवाज येतो — श्वास घ्या... धरा... सोडा. श्वास धरला की गाठ हलत नाही. तेवढ्यात करंट देतात.

घरी तिची प्रॅक्टिस मी घ्यायचो. छातीला टेप लावायचा, तिनं श्वास भरायचा, मी वीस मोजायचे. धडधाकट होती तेव्हा तिचं माप चौतीस, पूर्ण श्वास भरला तर छत्तीस. टेलरला बायकोचं माप पाठ असणारच. त्या दिवसांत मात्र टेप अर्धा इंचसुद्धा सरकत नव्हता. वीस झाले की म्हणायची, "घाईत मोजता हो तुम्ही. बाहेर गिऱ्हाईक थांबलंय काय?"

मग मी घोळ केला. एका रविवारी घामानं एक फुली पुसट झाली. उद्या तिथं बोलणी बसतील म्हणून मी माझं मार्किंगचं पेन घेतलं आणि वरनं गिरवली. जन्मभर रेघा मारलेला माणूस, कुणाला विचारतोय! काढून झाल्यावर बघतो तर रेघ अर्धं बोट सरकल्यासारखी वाटली. पुसावी तर मूळची पण जाणार.

शकू म्हणाली, "आता तोंड शिवून बसा."

सोमवारी टेक्निशियन पोरीनं बघितलं, "सरी अज्जी" — ठीक आहे आजी — म्हणाली आणि करंट दिला. आम्ही दोघंही गप्प. पुढं गाठ विरली, शकू दीड वर्ष चांगली हिंडली-फिरली. डॉक्टरही म्हणाले, न्यूमोनियाचा आणि गाठीचा संबंध नाही. पण ती गेल्यापासून माझ्या डोक्यात एकच — माझी रेघ चुकली. हे मी कुणालाच बोललो नव्हतो. मंगलला आत्ता टाईप करताना कळतंय. म्हणते, "आप्पा, ते आधी फोटो काढून जागा तपासतात. नुसत्या पेनाच्या रेघेवर कोण करंट देतं?"

असेल. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्णीला जेवायला घालून साडी-ब्लाऊज देतात. आमची सवाष्ण शेजारची गौरम्मा. कानडी बाई, पण शकूच्या जिवाची. दोघींचं माप एकच, एकमेकींचे ब्लाऊज घालायच्या. शकूनं चिकपेटेतनं आणलेलं हिरवं कापड माझ्याकडं तसंच पडून होतं. "गिऱ्हाइकांचं झालं की शिवतो" म्हणत वर्ष घालवलं मी. आता तेच शिवून द्यायचं ठरवलं.

नवमीच्या आदल्या दिवशी, दुपारचे चार. लाईट गेलेली, पंखा बंद. शकूचा जुना ब्लाऊज लाकडी पुतळ्यावर चढवला, टेप गुंडाळला, दोन बोटांत धरला. चौतीस. बरोबर.

आणि टेप बोटांतनं सरकायला लागला.

साडेचौतीस... पस्तीस... छत्तीस. तिथं थांबला. ब्लाऊजचे हूक ताणलेले मी डोळ्यांनी बघितले. पुतळा लाकडाचा, हो! हात थरथरला म्हणाल, तर माझा थरथरणारा हात मला रोजचा माहीत आहे. हे वेगळं. आतनं कुणी भरून घ्यावं तसं.

मी भ्यालो नाही. सवयीनं मोजायला लागलो. वीस झाले आणि तोंडातनं आपसूक आलं, "सोड."

टेप सैल पडला. चौतीस.

पुन्हा एकदा झालं. पुन्हा छत्तीस. या वेळी मी मुद्दाम सावकाश मोजलं. मग काही नाही. पुतळा तो पुतळा. मी स्टुलावर बसलो तो लाईट येईपर्यंत उठलो नाही. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पुरे दोन इंच श्वास!

नंतर पुतळा उलटासुलटा करून बघितला. भेग नाही, काही नाही. परत टेप लावला — चौतीस, ढिम्म. अजून मला याचं कारण सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर लिहा, मंगल वाचून दाखवेल. फक्त "वय झालं" असं लिहू नका, ते घरी ऐकतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून हिरवं कापड टेबलावर पसरलं आणि खडूनं रेघ मारली — छत्तीसला. चौतीसच्या अंगाला छत्तीस. गिऱ्हाइकाला असं दिलं असतं तर तोंडावर फेकलं असतं. अकराच्या आत ब्लाऊज तयार. गौरम्मा आत जाऊन घालून आली, बगलेत चिमटीनं कापड धरून दाखवायला लागली.

"अण्णा, स्वल्प लूज झाला की हो. माझं माप विसरलात?"

"नाही अक्का. श्वास भरून घ्या बघू."

तिनं चिमटीतलं कापड सोडलं. मग घेतला, छाती भरून.

"हां," मी म्हटलं. "आता बसला."