ताईच्या हातावरची चांदी

उकळत्या वरणाचं पातेलं उतरवताना सांडशी सटकली आणि ताईचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मी बीडहून केजच्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर मॅडम तिच्या जखमेवर एक पट्टी बसवत होत्या.

"यात चांदीचे अगदी बारीक, नॅनो कण आहेत. ते जंतू वाढू देत नाहीत. रोज सोडबांध करायची नाही, पुढच्या खेपेला मीच उघडेन."

रोज जखम सोलवटणार नाही, हे ऐकून ताईला हायसं वाटलं.

नांदूरघाटला तिच्या सासरी दाजींनी कौतुकानं सांगितलं, "चांदी लावलीय." झालं, बघायला रीघ लागली. दुखतंय का, हे एकीनंही विचारलं नाही.

"दाव की चांदी!"

"एवढ्या चांदीत लेकराचे वाळे झाले असते."

ती डोळ्यांना दिसणारी चांदी नव्हे, असं मी सांगायला गेले, तर ताईच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी शाळंत शिकवा."

शाळा होती म्हणून मी बीडला परतले. चुलत सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी पट्टी उचकटली. आत काळपट दिसलं; ही चांदी दिसते तशीच. "कुठली चांदी? फसवलं तुमाला," म्हणत त्यांनी जखमेवर हळद-तेल थापलं. ताई नको नको म्हणत होती. बघायला आलेल्या दोघींनी तिचा हात दाबून धरला होता. तिचाच हात!

जखम चिघळली. दवाखान्यात ती साफ करताना ताई किंचाळली, तेव्हा मी बाहेर दाजींना धरलं.

"तुम्ही काय करत होतात?"

"मोठं माणूस हाय. कसं बोलायचं?"

"तुमचा हात असता तर बोलला असतात ना?"

ताईला मी सरळ माझ्या घरी आणलं. पुन्हा तशीच पट्टी बसली. चुलत सासूबाई केळी घेऊन भेटायला आल्या. त्यांना चहा दिला; ताईच्या खोलीचं दार मात्र उघडलं नाही. त्या फणफणत गेल्या. जाईनात का!

हात बरा झाला, पण मनगटाची कातडी आखडली. ताईला भाकरी थापता येत नाही. आणि गावात काय बोलतात? "चांदीनं हात आखडला बघा."

ताई ऐकून घेते. मला अजून जमत नाही.