आसगावच्या लाइनमनचे प्रश्न

नागपूरहून भंडाऱ्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक लोकरी स्वेटर होता आणि डोक्यावर एक काम. स्वेटर सुजातानं तिच्या वडिलांसाठी दिला होता. कामही तिनंच दिलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला आसगाव सोडून जर्मनीला यायला राजी करायचं.

मी मूळची वाईची. नऊ वर्षांपासून जर्मनीतल्या एका छोट्या शहरात, वृद्धांच्या निवासात फिजिओथेरपिस्ट आहे. सुजाता तिथंच नर्स. तिचे वडील वामनराव वीज खात्यात लाइनमन होते, आई चार वर्षांपूर्वी गेली. दिवाळीच्या आधी वामनराव घरात पडले, आणि ही गोष्ट सुजाताला तीन आठवड्यांनी, गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून कळली. तिला रजा मिळेना आणि मी सुट्टीला वाईला येत होते. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा आले नाहीत तर मी राजीनामा देऊन परत जाणार. त्यांना सांगू नकोस, पण माझं ठरलंय."

नागपूरच्या पूर्वेला मी कधी आलेच नव्हते. त्यामुळे खिडकीजवळची जागा धरून सगळं बघत होते. भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला बसचं चाक पंक्चर झालं आणि आम्ही सगळे हमरस्त्याच्या कडेला उतरलो. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी कप देता देता विचारलं, "कुठं जाऊन राहिल्या बाई?"

"आसगावला. पवनीजवळ."

"इकडच्या नाई दिसत तुमी."

मी वाईचं नाव सांगितलं, जर्मनीचंही सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "तिकडं भात भेटते का?"

"मिळतो की."

"मंग बरं हाय," म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. दोन देशांची तुलना त्यांच्यापुरती तिथं संपली होती.

भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याला लागल्यावर मी उसाच्या मुलखातली बाई पार चकित झाले. आमच्याकडे शेत म्हणजे उंच हिरवी भिंत. इथं सगळी जमीन छोट्या छोट्या ताटांसारखी मांडलेली, प्रत्येकाला मातीचा काठ. ह्यांना बांध्या (धानाचे बांध घातलेले तुकडे) म्हणतात. निम्मं धान कापून झालं होतं. मध्येच एखादी बोडी (लहान तळं) लागे आणि तिच्या काठानं बगळे उभे असत. ओल्या तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) गोडसर वास बसमध्ये येत होता. पवनीला उतरून ऑटो केला आणि दुपार कलायच्या आत आसगावला पोचले.

वामनराव दारातच उभे होते. उंच, सडसडीत, पांढरा सदरा. माझी बॅग घ्यायला ते अंगणात उतरले, चार पावलं चालले, आणि त्या चार पावलांत मला दिसायचं ते दिसलं. डाव्या पायाचा चवडा जमिनीवर घासत होता. तो सोडवायला ते कंबर उचलत होते. असं चालणं मी रोज पाहते. नुसतं पडलेल्या माणसाचं ते चालणं नव्हतं.

बॅग मी त्यांच्या हातात दिली नाही.

जेवण शेजारच्या शेवंताबाईंनी आणलं. त्यांच्या घरची धानाची शेती, वय वामनरावांहून थोडं कमी, आवाज खणखणीत. नव्या तांदळाचा मऊ भात, लाखोळीची डाळ, बोडीतल्या माशांचा झणझणीत रस्सा आणि जवसाची चटणी. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंताबाई हसल्या. "तिकडचं खाऊन खाऊन जीभ पातळ झाली तुमची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसलो, सुजाताचा स्वेटर वामनरावांच्या अंगात होता. मी जर्मनीचा विषय कसा काढावा याचा विचार करत होते, तेवढ्यात वामनरावांनीच सुरुवात केली.

"तिकडं लाइन जाते का?"

"नऊ वर्षांत एकदा गेली, काका. संध्याकाळी दोन तास. सगळे जिन्यात आले. माझ्या समोरच्या घरातल्या बाईंशी मी तेव्हा पहिल्यांदा बोलले."

"किती वर्षांपासून समोर राहत होत्या?"

"सहा."

त्यांनी मान हलवली. "मंग तिकडचा लाइनमन दिवसभर काय करते?" हे त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मला हसूही येईना. मग पुढचे प्रश्न आले. डॉक्टर किती लांब? म्हातारी माणसं कुठं राहतात? त्यांची पोरं भेटायला येतात का?

"काही दर रविवारी येतात. काही येत नाहीत."

"अन कोनी पडलं तर?"

"मनगटावर एक बटण असतं. दाबलं की आमच्यातलं कुणीतरी धावत जातं." मी तिथंच थांबायला हवं होतं, पण विचारून टाकलं, "तुम्ही पडलात तेव्हा कोण आलं?"

उत्तर शेवंताबाईंनी दिलं. त्या कुंपणापलीकडे सूप घेऊन बसल्या होत्या. "मी आली. सकाळी याह्यचा रेडिओ वाजला नाई. म्हनलं, काहून नाई वाजला? पाहते त हे खाटेखाली पडून. तोंड वाकडं झालतं थोडं. तेल लावलं, शेक देला. दोन दिवसांत तोंड सरकं झालं."

मी वामनरावांकडे पाहिलं. ते कुंपणाकडे पाहत होते.

"काका, तो लकवा होता," मी म्हणाले. "लहान असेल, पण होता. पाय त्यामुळंच घासतोय. दुसरा आला तर मोठा येऊ शकतो. आज भंडाऱ्याला जाऊ या."

ते एकदम चिडले. "तुमी माह्या पोरीच्या मैत्रीण बनून आल्या का डाक्टर बनून? तिले सांगाल अन ती नोकरी सोडून धावत येईल. मले मालूम नाई का तिचं?"

तिचं ठरलेलं त्यांनी न सांगता ओळखलं होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "भंडाऱ्याले येतो. पन आधी एक खरं सांगा. फोनवर ती सारं चांगलंच सांगते. माही पोरगी तिकडं खरंच कशी राहते?"

मी खरं सांगितलं. एका खोलीत राहते, चौथ्या मजल्यावर. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो तेव्हा फार उदास होते. जेवताना मोबाईल समोर ठेवते, म्हणजे कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं. पहिल्या वर्षी भाषा येत नव्हती म्हणून एका आजींनी तिच्या हातचं पाणी घ्यायला नकार दिला होता. आता त्याच आजी तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला केस विंचरू देत नाहीत. संध्याकाळची पाळी संपली की एकटी चालत घरी जाते, मागं वळून बघावं लागत नाही. मागच्या वर्षी तिच्या हाताखाली पाच जणी आल्या.

"आडनाव इचारतेत का तिले?"

प्रश्न मला लगेच कळला नाही. "विचारतात. लिहून घ्यायचं असतं ना. मेश्राम नीट लिहिता येत नाही त्यांना."

"बस, लिहाले?"

"बस, लिहायला."

मग ते म्हणाले, "मी तीस वर्षं खांबावर चढलो. या तालुक्यात असं गाव नाई जिथं मी लाइट आनला नाई. पन खाली उतरलो की काही घरी पानी देताना आधी आडनाव इचारत. मंग पेला न देता ओंजळीत वरून वतत." शेवंताबाईंचं सूप थांबलं होतं. त्या उठून आत गेल्या आणि येताना पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आल्या. पेला त्यांनी वामनरावांच्या हातात दिला.

भंडाऱ्याला डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मेंदूत लहानशी गुठळी होऊन गेली होती, रक्तदाब भलताच वाढलेला. त्याच दिवशी आणलं असतं तर पाय इतका लुळा राहिला नसता, असं ते म्हणाले. पण आता रोज गोळ्या आणि व्यायाम केला तर बराच सुधारेल. शेवंताबाईंना कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मले काय माहीत बाप्पा, मी तेल लावत बसली." वामनरावच त्यांची समजूत घालत राहिले.

संध्याकाळी त्यांनी स्वतः सुजाताला व्हिडिओ कॉल लावला. लकवा, पाय, गोळ्या, सगळं सांगितलं. ती रडायला लागली. मी येते, राजीनामा देते, म्हणाली.

"माह्या एका पायासाठी तू कायले येतं?" ते म्हणाले. "तुले कोनी आडनाव पाहून बोलत नाई, तिथं राय. मी उन्हाळ्यात तीन महिने येतो. तुह्यासोबत जेवतो. मंग माह्या घरी परत. मले जिन्यातले लोक ओळखाले सहा वर्षं नाई हायत."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला पासपोर्ट कसा काढतात ते विचारलं.

मी आणखी पाच दिवस राहिले. रोज सकाळी अंगणात व्यायाम. टाच आधी टेकवायची, चवडा उचलायचा. शेवंताबाईंनी सगळं पाठ केलं. तिसऱ्या दिवसापासून त्या माझ्यापेक्षा कडक झाल्या. "चवडा वर! वर करा म्हनते न!" गल्लीतली माणसं बघायला थांबत आणि तीही सूचना देत.

वाईला परतल्यावर दरवेळचा प्रश्न आलाच, तिकडचं चांगलं की इकडचं? पूर्वी माझं उत्तर तयार असे. तिथले रस्ते, स्वच्छ हवा, वेळेवर येणाऱ्या बस. इथली माणसं, इथलं जेवण. या खेपेला मीच उलट विचारू लागले. कोणासाठी? बाई की पुरुष? आडनाव काय? वय किती, आणि पडल्यावर कोण येणार? लोकांना वाटलं मी टाळतेय.

जर्मनीत सुजाता स्टेशनवर आली होती. मिठी मारली, आणि मग पहिलाच प्रश्न, "बाबा आता कसे चालतात?"

सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी बॅग खाली ठेवली आणि त्या थंडगार फलाटावर चालून दाखवलं. पहिल्या दिवशीची चार पावलं, चवडा घासत. मग निघतानाची चार, टाच आधी, जरा डुलत, पण चवडा उचलून. येणारेजाणारे थांबून बघत होते. सुजातानं तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "दुसरं परत दाखव."

मी परत दाखवलं.