मूठ बंद

रहिमतपुरात शनिवारी सकाळी जाईबाई दारात उभी राहिली की पोरंसोरं आत ओरडायची, "मूठवाली आली." मग धान्याचा डबा बाहेर यायचा.

गावाच्या टोकाला मुलींचं वसतिगृह. माण तालुक्यातल्या लांबच्या वाड्यांवरच्या पोरी तिथं राहून हायस्कूलला जायच्या. त्यांच्यासाठी गावातल्या बायका रोज चूल पेटवायच्या आधी ज्वारीची नाहीतर गव्हाची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायच्या. आठवड्याचं साठलेलं जाईबाई गोळा करायची, निवडायची, दळून आणायची आणि भाकरी थापायची. नवरा राजाराम गेल्यावर ती इथं स्वयंपाकाला लागली, ती इथलीच झाली. पोरींच्या उवा काढणं, पाळी आली की गरम पाण्याची पिशवी देणं, बापाचा फोन आला नाही म्हणून रडणारीला जवळ घेणं, सगळं तिच्याकडंच.

सुरुवातीला पेठेतल्या शालूबाईची सासू मूठ वरनं सोडायची. हात पिशवीला लागू नये म्हणून. अर्धे दाणे उंबऱ्यावर सांडायचे, जाईबाई वेचून घ्यायची. सासू गेली आणि शालूबाईनं पहिल्याच शनिवारी डबा जाईबाईच्या हातात दिला. "वत तूच. आन् डबा धुऊन दे, आत किडं झाल्यात." त्या दिवसापासनं दोघींचं जमलं. पायरीवर बसून सुनांच्या कागाळ्या, गुडघ्यांची दुखणी.

मग कुपवाडच्या एका कारखान्याची माणसं वसतिगृह बघून गेली. त्यांनी पोरींच्या जेवणाचा सगळा भार उचलला. बंद डब्यातलं जेवण दोन्ही वेळा गाडीनं यायचं. अट एकच होती: गावातनं गोळा केलेलं सुटं धान्य पोरींच्या पोटात जाता कामा नये.

वसतिगृहाचा कारभार बघणारे सयाजी सुभेदार फौजेतनं आलेले. लय खूश झाले. "जाईबाई, तुमचं प्रमोशन. रूट मार्च बंद."

"मग प्रमोशनमदी काय मिळतंय?"

"बूड टेकायला खुर्ची."

जाईबाईलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, गुडघं दुखत होतं. पुढच्या शनिवारी ती रिकाम्या हातानं घरोघरी गेली आणि जरा तोऱ्यातच सांगत सुटली, "आता आमाला लागत न्हाई."

शालूबाई डबा घेऊन आलेली. तशीच थांबली.

"लागत न्हाई म्हंजी?"

"कंपनी देतीया, वैनी. गरमगरम. मूठ बंद."

"आमचं धान्य इटलं व्हय गं?"

"तसं न्हाई वं."

"असू दे." शालूबाईनं डबा आत नेला.

तीन वर्षं गाडी येत राहिली. मग कारखान्याचे साहेब बदलले. नव्या साहेबांना झाडं लावायची होती, डोंगर हिरवे करायचे होते. दिवाळीनंतर गाडी बंद झाली. शिलकीतल्या पैशांवर जेमतेम जेवण चालवत सुभेदारांनी साताऱ्यापासनं सांगलीपर्यंत ओळखीपाळखीची दारं झिजवली. "सगळी म्हणत्यात, नवीन काय करताय ते सांगा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "पोरी जेवत्यात, हे काय नवीन न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "जाईबाई, मूठ सुरू कराय येईल? वर्षाची परीक्षा हुईस्तोवर तरी. न्हाईतर पोरी घरी धाडाव्या लागत्याल."

जाईबाईनं पिशवी झटकली आणि शनिवारी निघाली.

पहिल्या घरात कुणी ओळखलंच नाही. दुसऱ्या घरात धान्यच नव्हतं, रान उसाखाली आणि पीठ दुकानातनं. तिसऱ्या घरातली पोरगी म्हणाली, "मावशी, स्कॅनर हाय का?" स्कॅनर नव्हता. पेठेत शालूबाईच्या दारात हाक मारली तर धाकटी सून रेश्मा बाहेर आली. नवीनच लग्न झालेली. पिशवीकडं बघून म्हणाली, "थांबा हं," आणि आतनं रात्रीची दीड चपाती आणून जाईबाईच्या हातावर ठेवली. वर थोडी भाजी.

जाईबाई चपातीकडं बघत राहिली.

मागनं शालूबाई आली. सुनेच्या अंगावर खेकसली, चपाती काढून घेतली, पसाभर गहू आणले आणि पिशवीत ओतले. पायरीवर मात्र बसली नाही.

"वैनी, पयल्यासारकी रोज एक मूठ..."

"तवा हात आपसूक जायचा गं. आता न्हाई जात." शालूबाई दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. "तूच म्हनालीस ना, लागत न्हाई."

"म्हनाले."

जाईबाईनं पिशवीचं तोंड गुंडाळलं आणि पायरी उतरली.

दुपारी जाईबाईनं पिशवी सुभेदारांपुढं ठेवली. तळाशी थोडे गहू, थोडे रेशनचे तांदूळ, कुणीतरी दिलेली डाळ.

"गाव न्हाई म्हनालं?"

"न्हाई कशाला म्हनंल, सायेब. पर मूठ न्हाई दिली. भीक घातली."

सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पोरींच्या वडलांना फोन लावायला घेतले. राजेश्वरीच्या बापाला तीनदा सांगावं लागलं. तो आधीच ऊसतोडीला गेलेला. लेकीला तिकडंच फडावर घेऊन या म्हणाला.

संध्याकाळी जाईबाईनं गहू भरडले, डाळ-तांदळात घातले आणि पाणी वाढवून मोठ्या पातेल्यात सगळं एकत्र शिजवलं. डब्याचं खाऊन कंटाळलेल्या पोरी पातेल्याभोवती गोळा झाल्या, हसत-खिदळत परत मागू लागल्या. बापांना फोन गेलेत, हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

"मावशी, लय भारी झालंय," राजेश्वरी बोट चाटत म्हणाली. "कुणी दिलं वं हे?"

"गावानं गं," जाईबाई म्हणाली. "आनि कोन देनार." आणि तिला अजून एक पळी वाढली.